बेडकाचा चहा, काकाचा बर्फ

"माझी पोरगी औरंगाबादला बेडकाला चहा पाजून राहिली," हे वाक्य बाबांनी किती ट्रकवाल्यांना ऐकवलं असेल याला गणती नाही. हिंगोली-वाशीम रस्त्यावर कनेरगाव नाक्याला आमचं चहाचं हॉटेल होतं. पत्र्याचं छप्पर, चार बाकडी, एक भट्टी आणि बाबांचा आवाज, एवढ्याला आम्ही हॉटेल म्हणत होतो. गिऱ्हाईक कपबशी हातात धरून विचारायचं, "बेडकाला? काहून?" मग बाबा गाळणं हवेत थांबवून म्हणायचे, "ते बेडूक जाने अन् ती जाने. आपलं काम चहा करायचं."

सुट्टीत घरी आले की हे मला स्वतःच्या कानांनी ऐकावं लागे आणि माझं डोकं तापे. मी तापट आहे, हे सुरुवातीलाच सांगून टाकते. बाबा म्हणत, भट्टीजवळ वाढलेली पोरगी, ती दुसरं काय होणार. नव्वदच्या दशकाची अखेर होती. आमचा हिंगोली जिल्हा परभणीपासून नुकताच वेगळा होत होता, आणि नाक्यावरची एक मुलगी स्नायूंवर संशोधन करत होती. एवढी मोठी गोष्ट, आणि बापाने तिचा पार विचका करून ठेवला होता.

खरं तर बाबा फारसं चुकीचं बोलत नव्हते. मी बेडकाच्या पोटरीचा स्नायू खारट पाण्यात टांगत असे आणि त्या पाण्यात कॅफीन सोडत असे. चहा-कॉफीने आपल्याला तरतरी येते ती याच कॅफीनमुळे. फक्त कपातल्यापेक्षा कितीतरी पट जास्त. मग विजेचा झटका न देताच तो स्नायू हळूहळू आखडायचा, आणि काजळी धरलेल्या कागदावर सुई पांढरी रेघ वर वर ओढत न्यायची. त्या रेघेसाठी मी दिवसभर उभी असे. रेघ चांगली आली की मला इतका आनंद व्हायचा की वसतिगृहात जाऊन कुणाला तरी सांगावंसं वाटे, पण तिथे ऐकणारं कुणी नव्हतं. म्हणून मी ते नाक्यावर येऊन सांगितलं, आणि पुढचं सगळं रामायण झालं.

बाबांना मी ते असं समजावलं होतं. स्नायूच्या धाग्यांत कॅल्शियम साठवलेल्या बारीक बारीक पिशव्या असतात. त्यांना दारं असतात. मेंदूकडून विजेचा इशारा आला की दारं उघडतात, कॅल्शियम बाहेर सुटतं आणि धागा आखडतो. मग दारं मिटतात, सुटलेलं कॅल्शियम परत पिशवीत ओढून घेतलं जातं आणि धागा सैल पडतो. आपण पापणी मिटतो, चहा ओततो, कुणाला ठोसा मारतो, ते सगळं या दारांच्या भरवशावर. आणि ती दारं कोण, कधी, किती उघडतं, हा माझा अभ्यास.

"दार म्हंजे कसं?" बाबांनी विचारलं. त्यांना दाराचं चित्र पटेना.

मग मला आमचा नाकाच आठवला. निजामाच्या काळात इथे हद्द होती. अलीकडे मोगलाई, पलीकडे वऱ्हाड. रस्त्यात एक आडवा दांडा असायचा आणि त्याजवळ नाकेदार. दांडा आम्ही कुणी पाहिला नव्हता, पण गावात तो अजून सगळ्यांना पाठ होता. मी म्हणाले, "बाबा, पिशवीच्या तोंडाशी असा एक नाकेदार बसलेला असतो. एरवी मॅग्नेशियम नावाचा जाडजूड मानूस दांड्यावर बसून तो खाली दाबून धरतो. इजेचा इशारा आला की बाहेरच्या भिंतीतला शिपाई नाकेदाराच्या खांद्याला हात लावतो. हात लागला की दांडा वर, हात निघाला की दांडा खाली. अन् गाड्या लई झाल्या, म्हंजे बाहेर कॅल्शियम फार झालं, तर ते बघूनच नाकेदार दांडा पाडतो."

"अन् चहा?"

"चहा पाजला की नाकेदार ढिला पडतो. शिपायानं हात न लावताच दांडा वर करतो."

बाबांनी मांडीवर थाप मारली. "आता समजलं! अगं, हे शिकायला औरंगाबादला काहून गेली? चहा पाजल्याबिगर कोन्ता दांडा वर होतो?"

त्या दिवसापासून गिऱ्हाइकांना नवी आवृत्ती ऐकायला मिळू लागली. तिच्यात बेडूक मागे पडला आणि नाकेदार पुढे आला. मला मनातून बरं वाटलं, कारण मांडणी बरोबर होती.

आता बर्फाचं सांगते. दर वैशाखात एक दिवस आमच्या हॉटेलात चहा बंद असे. त्या दिवशी काका, म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ, हिंगोलीहून बर्फाची लादी आणायचा. भुशात घातलेली, वर ओलं गोणपाट. आई आणि काकू पिंपभर सरबत करायच्या, आणि रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला, मग तो सायकलवर असो की एसटीत, थांबवून गार सरबत पाजलं जायचं. आजीने बोललेला नवस होता तो. बर्फाचा नवस मी दुसऱ्या कुठल्याही घरात ऐकलेला नाही.

नवसाची कथा काका स्वतः सांगत असे, आणि तो ती फार रंगवून सांगत असे. आमच्या आजोबांची पुसेगावला मेंढरं होती. काका लहानपणी एका एडक्यामागे धावताना बांधावरून पडला आणि त्याचा हात मोडला. हिंगोलीच्या दवाखान्यात हाड बसवायला त्याला भूल दिली. त्या काळी नाकावर जाळी ठेवून तिच्यावर थेंब थेंब औषध टाकत. थोड्या वेळात पोराचं अंग तव्यासारखं तापलं. डॉक्टरांनी औषध थांबवलं आणि ओरडून बर्फ मागितला. आजोबा पळत बर्फाच्या कारखान्यात गेले आणि लादी घोंगड्यात गुंडाळून खांद्यावर घेऊन आले. पोराला बर्फात घोळवलं, आणि तो वाचला. हात मात्र थोडा वाकडाच जुळला. तो वाकडा हात वर करूनच काका गाड्या थांबवायचा.

घराने यावरून एक निष्कर्ष काढला होता: आपलं घराणं उष्ण आहे. मेंढरं गेली आणि हॉटेल आलं, तशी त्या उष्णतेत भट्टीची भर पडली. म्हणून आमच्याकडे ताकाशिवाय जेवण होत नसे, उन्हाळाभर सब्जाचं पाणी प्यावं लागे, आणि मी रागावले की आई आधी माझ्या टाळूवर एरंडेल थापायची आणि मग कारण विचारायची. मी शास्त्र शिकलेली मुलगी, मला हे सगळं हास्यास्पद वाटे. पण शास्त्र शिकूनही मी त्या कथेचा कधी विचार केला नव्हता, कारण ती आमच्याकडे गोष्ट होती, आजार नव्हता.

एकदा विभागात आमच्या सरांनी डुकरांवर व्याख्यान दिलं. काही जातीची डुकरं नुसती घाबरली तरी ताठ होतात, तापतात आणि मरतात. त्यांच्या त्या कॅल्शियमच्या दारात जन्मजात खोट असते. दार जरा धक्क्याने उघडतं आणि मग मिटतच नाही. सगळे स्नायू एकदम आखडून बसतात, आतलं इंधन भडाभडा जळतं आणि अंग भट्टी होतं. सर म्हणाले, माणसांतही अशी काही घराणी असतात. एरवी ती माणसं धडधाकट असतात, चहा पितात, कामं करतात. पण विशिष्ट भुलीचा वायू हुंगवला की हेच घडतं. मी ते टिपून घेतलं आणि मैत्रिणीबरोबर वडा खायला गेले.

त्यानंतरच्या वैशाखात मी नवसासाठी घरी होते. पिंपात पळी घालून पेले भरत होते. काकाची कथा ऐन रंगात आली होती, आणि पुसदकडच्या एका ट्रक ड्रायव्हरने सहज विचारलं, "अंग तापलं म्हंता, तर मंग थरथरत असंल ना पोरगं?"

"कुठलं थरथरतं," काका म्हणाला. "लाकडावानी झालतो म्हने मी. दातखीळ बसली. दोघांनी ओढून तोंड उघडंना."

हे तो दरवर्षी सांगत असेल. मी दरवर्षी ऐकलं असेल. पण त्या दिवशी माझ्या हातातली पळी पिंपात पडली. अंग गरम, सगळे स्नायू ताठ, जबडा बंद, आणि तेही भुलीच्या औषधावर. आमच्या घरात उष्णता नव्हती. आमच्या घरात तो दांडा होता, जो एकदा वर गेला की खाली येत नाही.

मी रात्रीच्या जेवणाला सगळ्यांना हे सांगितलं. सगळे ऐकून घेऊन हसले. काकाने आपला वाकडा हात उचलून "माझा दांडा तर अर्धाच वर होतो" असं म्हटलं. आईने मला ताक वाढलं.

हसण्यावारी नेण्याजोगं ते फार दिवस राहिलं नाही. पुढच्या वर्षी बाबांना पोटात कळा येऊ लागल्या. पित्ताशयात खडे निघाले. कळ आली की एवढा गडगडाटी माणूस भट्टीमागे उकिडवा बसायचा आणि ओठ दाताखाली धरायचा. दुर्बिणीतून ऑपरेशन करायचं ठरलं, नांदेडला. आणि त्यासाठी पूर्ण भूल द्यावी लागणार होती.

नांदेडचा तो दवाखाना वसमतच्या पाहुण्यांनी सुचवला होता. हे वसमतचे पाहुणे म्हणजे माझ्यासाठी चालून आलेलं स्थळ. हळदीच्या व्यापारातलं घर, मुलगा शाळेत शिक्षक. त्यांच्या नात्यातली एक बाई त्या दवाखान्यात सिस्टर होती. स्थळ सगळ्यांच्या मनात भरलं होतं. माझ्या मनातही, पण मी तसं दाखवत नव्हते.

मी आवर्जून फोनवर सांगितलं होतं: बाबा, डॉक्टरांना काकाचं सगळं सांगा. "व्हय व्हय," बाबा म्हणाले होते. इकडे घराने आपल्या परीने तयारी केली. बाबांना महिनाभर भट्टीजवळ फिरकू दिलं नाही. सकाळी सब्जा, दुपारी ताक, रात्री गुलकंद, तळपायाला काशाच्या वाटीने तूप. मी ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नांदेडला पोचले तेव्हा आई मोठ्या विश्वासाने म्हणाली, "सगळी गरमी काढली त्यांची. हात लावून पाह्य, कसे थंड हायेत." बाबांचे तळवे खरंच गार होते. मला रडावं की हसावं कळेना.

दुपारी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई तपासायला आल्या. साधारण आईच्या वयाच्या, बोलायला मोकळ्या. बाजूला तीच सिस्टर रक्तदाब घेत होती. बाईंनी खोकला विचारला, दमा विचारला, मग म्हणाल्या, "घरात कुणाला भूल दिल्यावर कधी त्रास झाला होता का? भावंडं, आई-वडील, कुणाला?"

बाबा म्हणाले, "न्हाई मॅडम. कोनाला काई तकलीफ न्हाई."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी सिस्टरकडे पाहिलं, आणि मला सगळं समजलं. घराण्यात रोग आहे हे वसमतला कळलं की माझं स्थळ मोडणार होतं. माझ्यामागे काकाच्या दोन मुली होत्या, त्यांचंही अवघड होणार होतं. शिवाय बाबांच्या हिशोबाने उष्णता काढून झाली होती, मग झाकली मूठ उघडायची कशाला? माझ्यासाठी हा माणूस उद्या टेबलावर जीव द्यायला निघाला होता, आणि तेही गुलकंदाच्या भरवशावर. मला राग आला आणि त्याच वेळी त्यांचा जिव्हाळाही वाटला.

"जरा थांबा मॅडम," एवढंच म्हणून मी बाहेर आले; मी बापाला खोटं पाडण्यापेक्षा ज्याच्यावर ते बेतलं होतं त्यानेच सांगणं बरं. काका व्हरांड्यात बाकावर बसला होता.

"काका, बाबा आत खोटं बोलून राहिले," मी म्हणाले. "तुमचं सांगंनात."

काका चुळबूळ करत म्हणाला, "अगं, ती सिस्टर हाय ना तिथं. तुझ्या भल्यासाठीच..."

"आजोबा मेंढरू विकताना काय करायचे?"

हे मी का विचारलं ते त्याला लगेच कळलं. आजोबांची एक रीत साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक होती. बाजारात मेंढरू विकताना ते आधी त्याची खोड सांगत, मगच पुढचं बोलत. ही मेंढी पिलाला पाजत नाही, हा एडका मारका आहे. खोड सांगून दिलेलं जनावर परत येत नाही, असं ते म्हणत.

"मेंढराची खोड सांगायची अन् मानसाची झाकायची का?" मी म्हणाले. माझा आवाज चढला होता आणि व्हरांड्यातली माणसं वळून पाहत होती. "मला लगीन न्हाई झालं तरी चालंल, काका. मला बाप पायजे."

काका उठला. दोन मुलींचा बाप होता तो. पण त्याने टोपी नीट केली आणि तो थेट आत गेला. "मॅडम," तो म्हणाला, आणि सवयीप्रमाणे वाकडा हात वर केला, "तकलीफ झालेला मानूस मी हाय. हा माझा सख्खा भाऊ."

आणि त्याने कथा सांगितली. एडका, बांध, जाळी, थेंब, तवा, दातखीळ, लादी. यावेळी त्याने काहीच रंगवलं नाही. बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते.

डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. आजोबांनी किती बर्फ आणला इथपर्यंत सगळं विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "उद्या नाही. परवा करू. आणि तुम्ही हे सांगितलं नसतं तर..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. मला म्हणाल्या, "तू काय शिकतेस?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग ये, बस. आपण दोघी मिळून तुझ्या सरांना फोन लावू."

त्या फोनवरून जे ठरलं ते सोपं होतं, पण बारकाव्याचं होतं. कसलाही वायू हुंगवायचा नाही. स्नायू सैल करणारं एक इंजेक्शन असतं, तेही त्या दाराला धोक्याचं, ते टोचायचं नाही. सगळी भूल शिरेतून, दार न हलवणाऱ्या औषधांनी. भुलीच्या यंत्रावरची वायूची डबी काढून टाकायची, नळ्या नव्या लावायच्या, आणि आत मागचा वायू राहू नये म्हणून कितीतरी वेळ नुसता प्राणवायू सोडून यंत्र धुऊन काढायचं. अशा तापावरचं खास औषध, जे त्या दाराला बाहेरून कडी घालतं, ते तेव्हा आमच्याकडे मिळत नव्हतं. "म्हणून दुसरी तयारी ठेवू," बाई म्हणाल्या. "बर्फ."

बर्फ म्हटल्यावर काकाच्या अंगात वारं शिरलं. ऑपरेशनच्या दिवशी उजाडताच तो रिक्षातून लादी घेऊन हजर. भुसा, गोणपाट, सगळं रीतसर. वॉर्डबॉय म्हणाला, एवढा नको. काका म्हणाला, "तुमाला काय म्हाईत आमचं घरानं?"

बाबांना आत नेताना त्यांनी माझा हात धरला. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नव्हते. मी म्हणाले, "बाबा, भेव वाटून राहिलं का?"

"नाकेदाराला सांग," ते म्हणाले, "आज चहा न्हाई."

दार बंद झालं आणि मी बाहेर बाकावर बसले. मी बेडकाचे शेकडो स्नायू आखडताना पाहिले होते, आणि त्या रेघा वर जाताना मला आनंद झाला होता. त्या बाकावर बसून मी पहिल्यांदा प्रार्थना केली की रेघ सपाट राहू दे. आई जपमाळ ओढत होती. काका दर थोड्या वेळाने गोणपाट उचलून बर्फ किती विरघळला ते पाहत होता, जणू बाबांचा जीव त्या लादीतच ठेवला होता.

बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांनी तोंडावरचा मास्क खाली ओढला. त्या हसत होत्या. "ताप नाही, ताठरपणा नाही. शुद्धीवर येतायत. पहिला शब्द काय बोलले माहितीये? चहा."

आई तिथेच खाली बसली आणि रडू लागली. मीही रडले, मोठ्याने, लाज न बाळगता. काकाने मात्र लगेच प्रश्न काढला, "मॅडम, मंग आता बर्फाचं काय करायचं?" तासाभरात दवाखान्याच्या अंगणात लिंबं आली, साखर आली, कुठून तरी पिंप आलं. आमच्या नवसाच्या इतिहासात पहिल्यांदाच सरबत नांदेडला झालं. पहिला पेला काकाने डॉक्टरीणबाईंना दिला आणि दुसरा त्या सिस्टरला. सिस्टरने तो घेऊन काकाच्या वाकड्या हाताकडे पाहिलं.

बाबांच्या दारात खरंच खोट होती का, हे आम्हाला आजही खात्रीने माहीत नाही. त्याची एक चाचणी असते. मांडीतून स्नायूचा तुकडा काढायचा, खारट पाण्यात टांगायचा आणि त्यावर कॅफीन सोडायचं. मी हे बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे बेडकं संपली, आता बापाला चहात बुडवती का?" ती चाचणी जवळपास कुठे होतही नव्हती. आहे असंच धरून चालायचं, असं बाईंनी सांगितलं. बाबांना असली तर मलाही असू शकते, अर्धी शक्यता, हेही सांगितलं. रोजच्या कपबशीतल्या चहाने त्या दाराला काही होत नाही, हे ऐकून बाबांचा जीव भांड्यात पडला. हॉटेल वाचलं.

महिन्याभराने वसमतचे पाहुणे कनेरगाव नाक्याला आले. मुलगा, त्याची आई आणि वडील. बाकडी धुतली होती, नवी कपबशी काढली होती. मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर येत होते, तेवढ्यात बाबांनी घसा खाकरला.

"पाहुणे, आधी एक आइका," ते म्हणाले. तोच आवाज, रस्त्यापलीकडे पंक्चरच्या दुकानात ऐकू जाणारा. "आमच्या बापाची रीत हाय. खोड सांगून देतो. आमच्या घरान्यात भुलीचा वायू सोसत न्हाई. माझ्या भावाला सोसला न्हाई, मला सोसला नसता, अन् पोरीलाबी कदाचित सोसनार न्हाई. बाकी पोरगी चांगली हाय. जरा तापट हाय, ती दुसरी खोड."

मी ट्रे बाकड्यावर टेकवला. जी गोष्ट वदवून घ्यायला मी व्हरांड्यात आरडाओरडा केला होता, तीच आता भर हॉटेलात माझ्याबद्दल, मेंढीच्या बाजारात बोलावी तशी बोलली जात होती. मी म्हणणार होते, बाबा, मी काय मेंढरू आहे का? पण त्यांच्याकडे पाहिलं तर त्यांच्या कपाळावर घाम होता. ऑपरेशनला जाताना ते इतके घाबरले नव्हते.

मुलाची आई शांतपणे म्हणाली, "आमाला ठाऊक हाय. सिस्टरनं कवाच सांगितलं. तुमी आपनहून सांगता का न्हाई, तेवढंच पाहायला आलो होतो."

बाबांनी कपाळावरचा घाम पुसला. काका भट्टीआडून बाहेर डोकावला. सगळे हसू लागले, चहा फिरला, आणि मुलाचे वडील तारखेचं बोलायला लागणार, तेवढ्यात मुलाने कप खाली ठेवला. तो आईकडे न पाहता म्हणाला, "मंग आमीबी सांगावं. मला डाव्या कानानं ऐकू येत न्हाई. लहानपणापासून."

त्याच्या आईचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. मुलगी पाहायला गेल्यावर तिने ही गोष्ट प्रत्येक वेळी झाकून ठेवली होती. मी मात्र त्याच क्षणी मनात हो म्हणून टाकलं.

लग्नाला बरीच वर्षं झाली. माझ्या पर्समध्ये अजूनही एक चिठ्ठी असते: मला भुलीचा वायू देऊ नये. आणि तेव्हापासून भांडायचं असलं की मी नवऱ्याच्या डाव्या बाजूला बसते, मनातलं सांगायचं असलं की उजव्या.